वाढत्या जॉबचं फिक्श्चर

होळी होऊन गेली की अकोल्याच्या एमआयडीसीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरणीयंत्रं दिसायला लागतात. आधी नुसते सांगाडे, मग लाल रंग दिलेले, मग बियाण्याच्या पेट्या बसवलेले. मृगाच्या आधी ती ट्रॅक्टरमागे लागली पाहिजेत, नाहीतर वर्षभर शेडमध्ये धूळ खात पडतात. म्हणून आमचा खरा हंगाम हा असा भर उन्हाचा. बाकीचं गाव दुपारी दारं लावून कूलरसमोर पडलेलं असतं, तेव्हा आम्ही लोखंड तापवत असतो.

यंदाही मार्च लागला आणि तो वास सुरू झाला. तापलेला पत्रा, थिनर, जळलेलं ग्रीस. परवा सकाळी शेडचं शटर वर केलं, आतली कोंडलेली हवा तोंडावर आली आणि मी तिथेच थोडा थांबलो. हा वास माझ्या डोक्यात एका उन्हाळ्याशी जोडला गेला आहे. त्या उन्हाळ्यात माझी मुलगी प्रज्ञा तेरा वर्षांची होती.

माझं काम वेल्डिंगची फिक्श्चर बनवण्याचं. हे काम नातेवाइकांना नीट समजावून सांगणं मला कधी जमलेलं नाही. पेरणीयंत्राची फ्रेम एकसंध नसते, ती चौकोनी पाइपांचे आणि पट्ट्यांचे तुकडे जोडून होते. जोडताना प्रत्येक तुकडा ठरलेल्या जागी धरून ठेवावा लागतो. तो ज्या लोखंडी पलंगावर धरतात तो पलंग म्हणजे फिक्श्चर. खाली आधार, बाजूला अडवण्या, वर दाबायला क्लॅम्प. तुकडा कुठे राहणार हे आधार ठरवतात. तो तिथून हलणार नाही एवढंच क्लॅम्प बघतो. आधार होता होईल तो कमी ठेवायचे. तीन पायांचं स्टूल कुठेही ठेवा, डगमगत नाही. चार पायांचं डगमगतं. क्लॅम्प नेहमी आधाराच्या बरोबर डोक्यावर. मध्येच अधांतरी दाबलात तर तुम्ही जॉब, म्हणजे हातातला तो तुकडा, धरत नाही, वाकवता. वेल्डरचा हात आत जाईल एवढी जागा पाहिजे. आणि नवशिके जी गोष्ट हमखास विसरतात ती म्हणजे, जोडून झालेला जॉब फिक्श्चरमधून बाहेर निघाला पाहिजे.

एवढं सगळं करूनही लोखंड आपलं तेच करतं. वेल्डिंगचा सांधा वितळतो, थंड होताना आकसतो आणि आकसताना सगळ्या फ्रेमला आपल्याकडे ओढतो. फिक्श्चरमध्ये आहे तोवर फ्रेम सरळ दिसते. क्लॅम्प सोडला की टण्ण आवाज होतो आणि टोकं वर येतात. आमचे जुने वेल्डर शकीलभाई त्या आवाजाला हसायचे. म्हणायचे, "साहेब, तुमी याले दाबून ठेवलं म्हनून ते गप होतं. सोडलं का बोललं."

त्या वर्षी कारखान्याच्या शेठनी अकरा फणांची, एका वेळी अकरा ओळी पेरणारी लांब फ्रेम करायला घेतली होती. आधीच्या आखूड फ्रेमला माझं फिक्श्चर पुरत होतं. ही लांब फ्रेम सोडली की टोकं सहा मिलिमीटर वर. सहा मिलिमीटर म्हणजे काही फण जमिनीत बरोबर जाणार आणि काही उथळ. उथळ पडलेलं बी पाखरं खातात. मी दुपारभर पट्टी घेऊन फ्रेमभोवती फिरायचो. शिवाय उन्हाचं वेगळंच. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी अंधार सरता सरता काम सुरू करतात आणि ऊन डोक्यावर यायच्या आत थांबवतात, पण ऑर्डरी तुंबल्या की दुपारीही शेड चालू ठेवावी लागते. दोन मीटर लांब लोखंड वीस अंशांनी तापलं की जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतं. सकाळी सैल बसणारी पिन दुपारी हातोडी मागायची.

या सगळ्यात प्रज्ञाच्या पाठीचं कळलं.

कळलं कसं, तर वंदना, माझी बायको, तिच्यासाठी लग्नसराईचा ड्रेस शिवत होती. टाचण्या लावून तिला उभं केलं आणि म्हणाली, "अहो, पाहा बरं, हा ड्रेस एका खांद्यावरून कावून घसरून राह्यला? मापं तं मी बरोबर घेतली." मी उठलो. ड्रेस बरोबर होता. पोरीचा डावा खांदा खाली होता. मी तिला वाकायला सांगितलं. वाकल्यावर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली दिसली. माझ्या डोळ्यांना सवय आहे. सपाट पाहिजे ते सपाट नसलं की मला मोजायच्या आधी कळतं. त्या दिवशी ती सवय नको वाटली.

अमरावतीच्या हाडांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. काचेच्या दिव्यावर फिल्म लावली आणि पेन्सिलनं दोन रेघा ओढल्या, एक वरच्या सगळ्यात कललेल्या मणक्यावर, एक खालच्या. दोन रेघांमधला कोन मोजला. बत्तीस अंश. प्रज्ञा फिल्मकडे बघत म्हणाली, "बाबा, माह्या पाठीत इंग्रजी एस आहे."

डॉक्टरबाई साध्या बोलायच्या. म्हणाल्या, "का होतं ते कुणाला माहीत नाही. तुमचं काही चुकलं नाही, तिचंही नाही. ब्रेस घालायचा. आंघोळीपुरता काढायचा, बाकी सदोदित अंगावर. ब्रेसनं बाक सरळ होणार नाही, हे आधीच सांगते. वाढू नये एवढ्यासाठी तो. तिची वाढ थांबेपर्यंत बाक पंचेचाळीसच्या खाली राहिला तर आपण जिंकलो. वर गेला तर ऑपरेशन."

बत्तीस आणि पंचेचाळीस. त्या उन्हाळ्यात मी उठता-बसता या दोन आकड्यांच्या मध्ये राहिलो.

ब्रेस नागपूरला बनवला. प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून तिच्या धडाचा साचा घेतला, आणि काही दिवसांनी त्याच्यावरून जाड पांढऱ्या प्लॅस्टिकचं कवच तयार झालं. मी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. आत एका बाजूला बरगड्यांवर दाबणारी गादी, दुसऱ्या बाजूला वर एक, कमरेवर एक. तीन ठिकाणी दाब. आणि प्रत्येक दाबाच्या समोरच्या बाजूला मुद्दाम मोकळी सोडलेली जागा.

बनवणाऱ्या माणसाला मी विचारलं, "इथं खिडकी कशाले ठेवली?"

तो म्हणाला, "इकडून ढकललं तर शरीराला तिकडे सरकायला जागा नको का?"

मला फार बरं वाटलं. मी स्वतः आराखडा काढला असता तर असाच काढला असता. येताना एसटीत मी वंदनाला समजावून सांगत होतो की ही वस्तू किती विचार करून केली आहे. ती खिडकीबाहेर बघत होती. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाली, "तुमाले त्याच्यात फिक्श्चर दिसून राह्यलं. मले तं माही पोरगीच दिसून राह्यली."

प्रज्ञानं त्या ब्रेसला नाव ठेवलं, डबा. फोनवर मैत्रिणीला सांगायची, "मी डब्यात आहे, सकाळी झाकण उघडलं का येतो." पहिले दिवस तिला त्याची गंमत वाटली. भावकीतली पोरं आली की ती छातीवर टकटक वाजवून दाखवायची. मग मे लागला.

वऱ्हाडातला मे ज्यांनी काढला नाही त्यांना नुसता आकडा सांगून काही कळत नाही. पंचेचाळीस अंश म्हणजे नळाचं पाणी चहासारखं येतं. गच्चीवर कुरडया टाकल्या तर संध्याकाळपर्यंत खडखडीत. कूलरमध्ये पाणी ओतत राहायचं आणि लाइट गेली की पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा. अशा दिवसांत आम्ही तिला हवा न जाणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये पट्टे आवळून ठेवत होतो. वंदना सुती बनियन उलटं करून घालायची, म्हणजे शिवण अंगाला रुतत नाही. तरी काखेखाली, कमरेवर लाल चट्टे उठायचे. सकाळी पट्टे सोडले की बनियन पिळून पाणी निघेल असं भिजलेलं. वंदना चट्ट्यांवर नुसतं पाणी लावायची, पावडर चालत नव्हती. प्रज्ञा उभ्या उभ्या डोळे मिटून तेवढा वेळ वारा खायची.

पट्ट्यांवर मी निळ्या पेनानं खुणा केल्या होत्या. इथपर्यंत ओढायचा, याच्या अलीकडे सैल. ते काम माझ्याकडे होतं. मी गुडघा टेकून तिच्या मागे बसायचो, ती श्वास सोडायची, मी ओढायचो.

"बाबा, आज एक घर सैल ठेवा नं."

"नाही बापा. सैल ठेवलं का उपयोगाचं नाही."

"आज संध्याकाळी मेघाताईची हळद आहे. सारे नाचतीन."

"तू बी नाच."

"डब्यात?" ती मागे वळायचा प्रयत्न करायची. वळता यायचं नाही, म्हणून समोरच्या भिंतीला बोलायची. "तुमचं बरं आहे बाबा. तुमी दिवसभर लोखंडाले दाबता. ते रडत नाही, हळदीले जात नाही."

मी पट्टा खुणेवर ओढला. भावकीतल्या त्या हळदीला ती गेली आणि एका खुर्चीवर ताठ बसून राहिली. एका मावशीनं लांबून पाहून कौतुक केलं की या पोरीचं बसणं पाहा कसं सरळ आहे, नाहीतर आजकालची पोरं. प्रज्ञा घरी येऊन हे सांगताना इतकी हसली की तिला ब्रेसमध्ये ठसका लागला. आम्हीही हसलो. हसताना वंदना पदर तोंडाला लावून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

शेडमध्ये मात्र माझं जमत चाललं होतं. लांब फ्रेमची टोकं वर येतात ना, मग वेल्ड करायच्या आधीच मी ती खाली वाकवून धरायचं ठरवलं. मधल्या आधारावर पत्र्याच्या चकत्या ठेवून फ्रेमचा मधला भाग उचलला, टोकं क्लॅम्पनं खाली दाबली. म्हणजे जॉबला आधीच उलटा बाक. सहा मिलिमीटरच्या चकत्यांनी भागलं नाही, सात-आठनंही नाही. नऊवर जमलं. शकीलभाईंनी सांधे मारले, फ्रेम थंड झाली, क्लॅम्प सोडले. टण्ण आवाज झाला, तो होतोच. मी पट्टी लावली. पट्टी आणि लोखंड यांच्या मधून उजेड दिसत नव्हता.

शकीलभाई हेल्मेट वर करून म्हणाले, "बाप रे! साहेब, बायकोनंबी तुमाले असंच सरळ केलं का, आधी उलटं वाकवून?"

सगळी शेड हसली. शेठनी सगळ्यांसाठी उसाचा रस मागवला. मी ग्लास हातात धरून उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की नऊ. तिथे सहाला नऊ लागतात. इथे बत्तीसला किती लागतील?

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईंना हे विचारलंच. कागदावर फ्रेम काढून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं हसतील, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तसा विचार करून बनवलेले ब्रेस असतात. हिच्या बाकाला ते चालणार नाहीत. आणि एक फरक लक्षात घ्या. तुमचं लोखंड तुम्ही धरता तेव्हा तेवढंच असतं. हिची वाढ चालू आहे."

मी आयुष्यभर फिक्श्चर काढली. वाढणाऱ्या जॉबचं एकही काढलेलं नाही. कुणी काढलं असेल असं वाटत नाही.

आमच्या घरात दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करायची पद्धत आहे. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला एक रेघ. त्या उन्हाळ्यात ती भराभर वाढली. पायजमे आखूड झाले, ब्रेसचा वरचा काठ काखेपासून खाली सरकला, पट्ट्यांवरच्या माझ्या निळ्या खुणा चुकीच्या ठरायला लागल्या. वंदनाच्या माहेरची माणसं येऊन म्हणायची, "पोट्टी काय झपाट्यानं वाढून राह्यली, आईच्याबी वर जाते आता." कोणत्याही बापाला हे ऐकून आनंद व्हावा. मी मान डोलवायचो. मला मात्र तो होत नव्हता. कारण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, उंची वाढते त्या दिवसांतच बाक वाढतो. ती जेवायला बसली की वंदना तिला आग्रहानं वाढायची आणि माझ्या मनात यायचं, इतकं नको. हा विचार मी कुणाला सांगितला नाही. पण तो यायचा. पोरीनं वाढू नये असं वाटणारा बाप मी त्या उन्हाळ्यात होतो.

अजून एक गोष्ट मला छळायची. शेडमध्ये शंका आली तर आम्ही दोन फ्रेम घेतो. एक चकत्या लावून, एक न लावता. दोन्ही शेजारी ठेवल्या की चकत्यांनी काय केलं ते दिसतं. घरी दुसरी प्रज्ञा नव्हती. ब्रेस घालून बाक थांबला तर तो ब्रेसमुळे थांबला की तसाच थांबणार होता? ब्रेस घालूनही वाढला तर न घालता किती वाढला असता? याचं उत्तर डॉक्टरबाईंकडेही नव्हतं. एका जॉबवरून मी कधी काही ठरवत नाही. इथे जॉब एकच होता, आणि तो रोज सकाळी पाठ करून माझ्यापुढे उभा राहायचा, श्वास सोडायचा आणि म्हणायचा, "हं बाबा, ओढा."

आता प्रज्ञा पुण्याला असते. मार्च लागला की तिचे फोन वाढतात. "बाबा, दुपारच्या शेडमधी जाऊ नका हं. पानी पेत राहा. आई, बाबाले सांगजो." मी हो म्हणतो आणि दुपारी शेडमध्ये जातो. तिथे हल्ली एक नवीन इंजिनिअर मुलगी माझ्या हाताखाली आली आहे. ती संगणकावर फिक्श्चर काढते, आणि जॉब किती ओढला जाईल हे आधीच पडद्यावर रंगात बघते. लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. परवा मी तिच्या मागे उभा राहून ते बघत होतो. तिनं विचारलं, "सर, काही चुकलं का?" मी म्हणालो, नाही, बरोबर आहे. बरोबरच होतं. मी उगाच त्या लाल पट्ट्याकडे बघत बसलो होतो.

त्या वर्षी शाळा उघडायच्या आधी आम्ही अमरावतीला शेवटच्या एक्स-रेला गेलो. हा एक्स-रे ब्रेसशिवाय घ्यायचा होता. ब्रेस घातलेला असताना पाठ सरळच दिसते. खरं काय ते सोडल्यावर कळतं. म्हणून आदल्या दिवशीपासून तिला मोकळं ठेवायला सांगितलं होतं. घरभर ती खांदे उडवत फिरली, जमिनीवर लोळली, कारण नसताना वाकून वाकून वस्तू उचलल्या. एसटीत माझ्या आणि वंदनाच्या मध्ये बसून शेंगा खाल्ल्या. मी एकही खाल्ली नाही.

डॉक्टरबाईंनी फिल्म दिव्यावर लावली. दोन रेघा ओढल्या. कोनमापक ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग खुर्चीवर मागे टेकल्या.

"सेहेचाळीस," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "मी मोजू का?"

त्यांनी पेन्सिल आणि कोनमापक माझ्या हातात दिला. मी उभा राहिलो. वरचा कललेला मणका शोधला, त्याच्या काठावर रेघ ओढली. खालचा शोधला. माझे हात या कामात पक्के आहेत. सेहेचाळीस. मी म्हणालो, पेन्सिलचं टोक जाड आहे, एक-दोन अंशांचा फरक येऊ शकतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, येऊ शकतो. मी रेघ पुसून पुन्हा ओढली. सत्तेचाळीस आले. शेडमध्ये कुणी आवडता आकडा येईपर्यंत मोजत बसला तर मी त्याला बाहेर काढतो. मी तिसऱ्यांदा रेघ पुसली. वरचा मणका हाच धरायचा की त्याच्या खालचा, असं काहीतरी मोठ्यानं म्हणत होतो. कुणी मला अडवत नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रज्ञा उठून माझ्या शेजारी आली. तिनं माझ्या बोटांतून पेन्सिल सोडवली, कोनमापक सोडवला आणि दोन्ही टेबलावर डॉक्टरबाईंच्या समोर ठेवलं.

"मॅडम," ती म्हणाली, "ऑपरेशनच्या वेळी तुमी असान नं तिथं?"

"नागपूरला करावं लागेल. पण मी येईन. आत असेन मी."

"मंग ठीक आहे," प्रज्ञा म्हणाली. ती त्यांच्याकडेच बघत होती. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. मी दिव्यापाशी उभा होतो आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.